‘मेमरी भरली, फोटो उडवतो’ म्हणणाऱ्याला काय सांगाल?

समजा, तुम्ही हिंगणघाट तालुक्यात फिल्डवर्क करताय. बियाणं उगवलं नाही म्हणून एक शेतकरी ग्राहक आयोगात जायच्या विचारात आहे. शेताचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि तो म्हणतो, ‘मेमरी भरली, आता उडवतो.’

उडवू नका, हे कुणीही सांगेल. पण नुसते जपूनही भागत नाही. त्यासाठी जालन्याचा खटला वाचा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेल्या कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३च्या मुदतीनंतर आला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रण झालेलं होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या. अडलं ते प्रमाणपत्रावर. मूळ यंत्राऐवजी नक्कल दाखल केली, तर पुरावा कायद्याचं कलम ६५ब प्रमाणपत्र मागायचं, आणि अधिकारी ते देईनात.

सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं: नकलेला प्रमाणपत्र हवंच, मालकानं मूळ मोबाइलच कोर्टात आणला तर नको, आणि सगळी खटपट करूनही ज्याला ते मिळालं नाही, त्याला अशक्य गोष्टीपायी अडवायचं नाही. गोरंट्याल यांनी वारंवार लेखी मागणी केली होती, म्हणून हा तिसरा मुद्दा त्यांच्या कामी आला. निकालातला हाच भाग आपण घाईनं वाचतो, असं मला वाटतं.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला ठसा. एक बिट बदलला की ठसा बदलला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, वेळ-ठिकाणाची नोंदही गळते. दिसायला तोच, पण फाइल दुसरी! तेव्हा मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. बियाण्याची पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि बिलही ठेवा.

अमेरिकेत दाव्याची चाहूल लागताच ‘काहीही नष्ट करू नका’ अशी सूचना काढतात, तिला लिटिगेशन होल्ड म्हणतात. आपल्याकडे त्या नावाची पद्धत रुजलेली नाही. पण हातातला पुरावा दडवला, तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्धच असणार असं न्यायालय धरून चालू शकतं.

आणि तुम्ही केलेलं मुलाखतीचं रेकॉर्डिंग? तेही कोर्ट मागवू शकतं. वकिलाला अशिलाच्या बाबतीत जे संरक्षण आहे, ते संशोधकाला नाही. म्हणून संमतीपत्रात ‘कुणालाही दाखवणार नाही’ असं लिहू नका. ‘कायद्यानं मागितल्याशिवाय’ हे शब्द घाला, आणि सही घेण्याआधी शेतकऱ्याला वाचून दाखवा.