तारुण्यांतील यकृताचा एक दुर्मिळ रोग

यकृताचा कर्करोग म्हटला, कीं आपणांस मद्यपानानें जर्जर झालेलें यकृत आठवतें. परंतु १९५६ सालीं ह्यू एडमंडसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें प्रथम वर्णिलेला ‘फायब्रोलॅमेलर’ हा प्रकार बहुधा एरव्हीं निरोगी यकृत असलेल्या तरुण-तरुणींनाच गांठतो. हें कोणाच्या कुपथ्याचें फळ नव्हे, कीं वंशपरंपरेनें आलेला दोषही नव्हे. एका गुणसूत्राचा तुकडा गळून दोन जनुकें जोडलीं जातात, हें त्याचें मूळ २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत उजेडांत आलें.

लक्षणें मात्र फसवीं: पोटांत जडपणा, मंदावलेली भूक, घटणारें वजन. यकृताच्या कर्करोगाची नेहमींची रक्तपरीक्षाही बहुधा निर्दोष येते. म्हणून ‘तरुण वय आहे, होईल बरें’ असें म्हणत महिने दवडूं नयेत. सोनोग्राफी करून घ्यावी.

बरें होण्याची खरी आशा शस्त्रक्रियेंतच आहे. शल्यविशारद अर्बुद व लगतच्या रसग्रंथी समूळ काढून टाकतो. उरलेलें निरोगी यकृत कांहीं आठवड्यांतच पुनः वाढूं लागतें, म्हणूनच एवढें धाडस शक्य होतें. तथापि हा रोग पुष्कळदां उलटतो. यास्तव पुढें अनेक वर्षें तपासणी चुकवूं नये.