परिचारिकेची पाळी : लांब कीं आखूड?

पुष्कळ शासकीय रुग्णालयांत परिचारिकांच्या सकाळ-दुपारच्या पाळ्या सुमारें ६ तासांच्या व रात्रपाळी १२ तासांची असते. भोकरदनहून एस्. टी.नें जालन्यास येणाऱ्या परिचारिकेला ६ तासांसाठीं जेवढा प्रवास, तेवढाच १२ तासांसाठीं. म्हणून लांब पाळ्या करून सुट्या वाढविण्याकडे तिचा कल झाला, तर तो गैर म्हणतां येणार नाहीं. पाळीबदलही कमी होतात. रुग्णाची हकीकत जितक्या तोंडांतून जाते तितकी गळते.

परंतु अपाय असतो तो शेवटच्या तासांत. अमेरिकेंत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत साडेबारा तास वा अधिक काम झालें असतां चुकीचा संभव सुमारें तिप्पट आढळला. बदलीची परिचारिका अर्धा तास उशिरां आली कीं बारांचे साडेबारा झालेच! आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९७७ च्या शिफारशीनें जादा काम धरूनही १२ तासांची मर्यादा घातली असून दोन पाळ्यांमध्यें १२ तासांची सलग विश्रांति सांगितली आहे. त्यांतून भोकरदनचा प्रवास, स्वयंपाक व मुलें वजा जातां झोपेस कितीसें उरणार? जिचें बिऱ्हाड रुग्णालयालगत आहे तिनें लांब पाळी खुशाल घ्यावी. दूरच्या परिचारिकेनें घेतली, तर दुसऱ्या दिवशीं सुटी मागून घ्यावी. अत्यवस्थ रुग्णांच्या कक्षांत मात्र आखूड पाळीच पत्करावी.