समईचा फोटो, तिच्याच उजेडात
पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात समईचा फोटो काढायचा, तर आधी फ्लॅश बंद करावा. घासून लखलखीत केलेलं पितळ आरशासारखं वागतं. फ्लॅश पडला की पांढरा डाग उमटतो आणि खांबावरची नक्षी हरवते. नुसत्या ज्योतींच्या उजेडात वरच्या तबकाची सावली खांबावर उतरते, कडांवर बारीक सोनेरी रेघ उठते. समईचा खरा घाट ही सावलीच दाखवते, म्हणून ती घालवू नये. मागची भिंत फार उजळत असेल तर समई पुढे ओढा. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. मोबाइलवर ज्योतीवर बोट ठेवून एक्सपोजर उतरवा. फारच काळोख्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला तरी पुरतो.