मूत्रपिंडाचा विकार : वरण किती, भाकरी किती?

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील गावांत मूत्रपिंडाच्या विकाराची तक्रार नेहमी ऐकू येते आणि खाऱ्या पाण्याला दोष दिला जातो. मात्र मधुमेह व उच्च रक्तदाब ही या विकाराची सर्वत्र आढळणारी प्रमुख कारणे आहेत, हे विसरू नये. कारण कोणतेही असो, रक्तात क्रिएटिनिन वाढले की डॉक्टर प्रथिने कमी करण्यास सांगतात. घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ 'डाळ बंद, दूध बंद, सगळेच बंद' असा होतो. रुग्णाचे नुकसान येथूनच सुरू होते.

कमी कशासाठी?

प्रथिने पचल्यावर युरिया तयार होतो. तो लघवीवाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. प्रथिने जास्त झाली की दुबळ्या मूत्रपिंडावर ताण पडतो आणि रक्तात युरिया साचतो. मळमळ, तोंडाला चव नसणे, थकवा ही त्याची लक्षणे होत.

किती घ्यावीत?

डायलिसिसवर नसलेल्या बहुतेक प्रौढ रुग्णांना दररोज दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. काहींना डॉक्टर ०.६ ग्रॅमपर्यंत खाली आणतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम.

आता आपले ताट पाहू. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणात सुमारे साडेसहा ग्रॅम, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत १०, ५० ग्रॅम तांदळाच्या भातात ४, ६० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांत ६ ते ७ आणि दीडशे मिलिलिटर दुधात ५ ग्रॅम. भाज्यांचे तीन-चार ग्रॅम धरले तर बेरीज ३६ च्या आसपास येते. म्हणजे वाटीभर वरण सोडावे लागत नाही. मात्र त्याच दिवशी झुणका, डाळभाजी, गोळाभात किंवा शेंगदाण्याची चटणी आली, की हिशेब बिघडतो. बाजारातील प्रथिनांची पावडर तर मनाने मुळीच घेऊ नये.

उपाशी राहू नका

पोटाला पुरेसे अन्न मिळाले नाही, तर शरीर स्वतःचे स्नायू जाळते आणि त्यातूनही युरिया तयार होतो. स्नायू झिजले की क्रिएटिनिनचा आकडा खाली येतो आणि 'पथ्य लागू पडले' असा गैरसमज होतो. म्हणून वजनावर लक्ष ठेवावे. भूक भागविण्यास साबुदाणा उपयोगी, कारण त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. पण खिचडीत शेंगदाण्याचा कूट घालू नये. तेलाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेह असल्यास साबुदाणा व साखर त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

डायलिसिस सुरू झाल्यावर

येथे पथ्य उलटते. डायलिसिसमध्ये शरीरातील प्रथिनांचे घटकही निघून जातात. त्यामुळे दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. जुने पथ्य तसेच चालू ठेवणारा रुग्ण खंगत जातो. चालत असल्यास अंडे खावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी हे पथ्य स्वतःहून कधीही करू नये. इतरांनीही शेजाऱ्याचा तक्ता उचलू नये. आपला ताजा रिपोर्ट आणि वजन घेऊन डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांच्याकडे जावे आणि वाटीचे माप त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.