मस्कतमधलं बारसं

खरं सांगतो, लेकीच्या बारशाला माझा विरोधच होता. दोन खोल्यांत पाळणा बांधणार कुठे, आणि आत्या तर साताऱ्यात!

बारावा दिवस आला मंगळवारी. ओमानमध्ये मे 2013 पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून शुक्रवार धरला. (मुहूर्तापेक्षा सुट्टी मोठी, हे आखातातल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही.) शेजारच्या काकू आत्या झाल्या. वरवंटा काही मिळेना. मग खलातला दगडी बत्ताच टोपडं घालून नटवला आणि पाळण्याच्या खालून-वरून फिरवला. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून हा खटाटोप. घुगऱ्या, सुंठवडा होताच. शिवाय सहकाऱ्याने आणलेला केशर-वेलची-गुलाबपाण्याचा ओमानी हलवा. घुगऱ्यांनंतर तो काय लागतो म्हणून सांगू!

पण खरी मजा धुरीची. गावाकडे ऊद जाळतात, इथे बाहेरच्या खोलीत ढोफारचा लोबान. तिथली लोबानभूमी 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्याला किंचित लिंबासारखा वास येतो.

काकूंनी कानात ‘कुर्रर्र’ केलं, त्यांच्या पाठीत धपाटे बसले, लेकीने डोळे उघडले. त्यानंतर पाळण्याची दोरी मी कुणाला देईना. बायको अजून हसते.