विद्यापीठ : परगावच्या मुलांचा संघ

विद्यापीठ म्हटले की डोळ्यांपुढे उंच मनोरा, झगे घातलेले पंडित आणि मोठी इमारत उभी राहते. परंतु युरोपातील सर्वांत जुने मानले जाणारे विद्यापीठ, इटलीतील बोलोन्याचे, सुरू झाले तेव्हा त्याला स्वतःची इमारतच नव्हती. त्याचा प्रारंभ 1088 साली धरतात. सर्वांना एकत्र आणणारी वास्तू झाली ती 1563 साली. ज्या लॅटिन शब्दावरून ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द आला, त्याचा त्या काळचा अर्थ संघ, म्हणजे आम्हां कामगारांच्या भाषेत युनियन. आणि बोलोन्यात हा संघ शिक्षकांचा नव्हता, विद्यार्थ्यांचा होता!

संघाची गरज का पडली? कायदा शिकण्यासाठी आल्प्सपलीकडून आलेला तरुण तेथे परका असे. गावच्या नागरिकाच्या पाठीशी गावचा कायदा. याच्या पाठीशी कोणी नाही. त्याच्या मुलखातला दुसरा कोणी कर्ज बुडवून पळाला, तर सावकार याचीच मानगूट धरी. तेव्हा एकेका मुलखाची मुले एकत्र आली. त्यांनी आपला प्रमुख निवडला. खोल्यांची भाडी ठरविताना आपले प्रतिनिधी बसविले. गावाने ऐकले नाही, तर गाव सोडून जाणे हे त्यांचे हत्यार. 1222 साली असे निघून गेलेल्या मंडळींतूनच पादुआचे विद्यापीठ उभे राहिले.

शिक्षकांना वेतन विद्यार्थीच देत. म्हणून उशिरा येणाऱ्या शिक्षकाला दंड होई. पुढे वेतन नगरसभा देऊ लागली आणि हळूहळू सत्ताही तिच्याकडे गेली. ज्याची थैली त्याचा शब्द, हे कामगाराला निराळे सांगावयास नको.

आपल्या कोल्हापुरातही पहिला प्रश्न खोलीचाच होता. खेड्यातला मुलगा शिकायला आला, तर राहावे कोठे, जेवावे कोठे? जातीमुळे हा प्रश्न अधिकच बिकट. शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या वसतिगृहांना हात दिला. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बोलोन्यात मुले मुलुखवार राहिली, येथे जातवार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. शिवाजी विद्यापीठ 1962 साली झाले. पण त्याची वाट या वसतिगृहांनी आधीच पाडून ठेवली होती.

हा प्रश्न मिटलेला नाही. 2023 साली इटलीत खोल्यांच्या भाड्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी विद्यापीठांपुढे तंबू ठोकले. इचलकरंजीतही मागावर राबणाऱ्याच्या मुलाला प्रवेश मिळतो, फीचीही कशीबशी सोय होते. पण परगावची खोली आणि दोन वेळचा डबा यांपुढे बाप हरतो. अशी सुटलेली शिक्षणे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

तेव्हा गावकऱ्यांनी नवे कॉलेज मागताना त्याबरोबर वसतिगृहही मागावे, आणि मुलांनी एकेकट्याने घरमालकाच्या दारात उभे न राहता एकत्र यावे. विद्यापीठ हा शब्दच मुळी तसे एकत्र आलेल्यांनी जगाला दिला आहे.