सेवा आणि संघटना

आमच्या पिपरी मेघेहून सावंगीचे रुग्णालयही जवळ आणि सेवाग्रामचेही. नर्सची नोकरी, तिची रात्रपाळी इथे नवी नाही. पण नर्सेसनी युनियन काढायचे म्हटले, की भली माणसेही विचारतात, ‘ही तर सेवा. सेवेत युनियन कशाला?’

सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. त्याच गांधीजींनी १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा चालवला होता. त्यातूनच १९२० साली मजूर महाजन संघ उभा राहिला. सेवा आणि संघटना यांचे भांडण त्यांना तरी दिसले नाही.

मग गरज का पडते? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. खासगी रुग्णालयात पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला किमान वीस हजार रुपये द्यावेत, दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, असे समितीने सुचवले. पण ती शिफारसच. ती पगारपत्रकात उतरवायची, तर कुणीतरी मागावी लागते. एकटीने मागितली, तर नोकरीची धास्ती.

प्रश्न फक्त पगाराचाही नसतो. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी संप केला, तो नर्सेसची भरती ठेकेदारामार्फत करण्याविरुद्ध.

कायद्याची वाट अशी आहे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली. नोंदणीसाठी किमान सात जणांनी अर्ज करायचा. शिवाय त्या ठिकाणचे दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके सभासद हवेत. अनेक युनियन असल्या, तर एक्कावन्न टक्के कामगार जिच्या बाजूने तिच्याशी मालकाने वाटाघाटी करायच्या. संपाची नोटीस दिल्यावर किमान चौदा दिवस थांबावे लागते. रुग्णांची सोय लावायला तेवढा अवधी मिळतो.

मात्र एक मेख आहे. धर्मादाय किंवा समाजसेवी कामाला वाहिलेल्या संस्थांना या संहितेने ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. म्हणजे गावगप्पांतला ‘सेवा’ हा शब्द कायद्यातही येऊन बसला. ट्रस्टच्या रुग्णालयातल्या नर्सने म्हणूनच आधी जाणत्या वकिलाला विचारावे. पण संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. एका नर्सवर किती खाटांचा भार आहे, हे ती निर्भयपणे सांगू शकली, तर त्या खाटांवरच्या रुग्णांचेही भलेच होईल.